बकऱ्यांची कॉफी

मी डूख धरते. माझ्या लग्नाच्या जेवणात माझ्या मैत्रिणींच्या ताटात भावजयीनं तळाची करपलेली बिर्याणी वाढली होती, ते मी अजून विसरलेले नाही, आणि तिची मुलगी आता कॉलेजात जाते. भावजयीलाही माहीत आहे की मी विसरलेले नाही. सुट्टीवर गेले की ती सगळ्यांच्या आधी माझं ताट वाढते. तेव्हा सौदीतल्या जिझानच्या हॉस्पिटलात ज्या माणसानं मला माझ्या अब्बांच्या मातीला जाऊ दिलं नाही, त्याला मी चार दिवस रडून सोडून देईन असं ज्यांना वाटलं, त्यांनी मला ओळखलंच नव्हतं.

तो माणूस आमच्याच किनाऱ्यावरचा. रायगडातल्या एका खाडीच्या अलीकडे माझं गाव, पलीकडे त्याचं. अब्बा तरीवर होते. या काठाची माणसं त्या काठाला सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. त्याच्या घरच्या बायका बाजाराला, दवाखान्याला, लग्नाकार्याला अब्बांच्याच होडीतून आल्या-गेल्या. इथं तो नर्सिंग ऑफिसात कोऑर्डिनेटर होता. आमच्या ड्यूटीची यादी तो करायचा आणि रजेचे अर्ज त्याच्या टेबलावरून वर डायरेक्टरकडे जायचे. रजा मंजूर झाल्याशिवाय एक्झिट री-एंट्री, म्हणजे जाऊन परत यायची परवानगी, निघत नाही, आणि ती निघाल्याशिवाय हा देश सोडता येत नाही. सगळे त्याला भाईजान म्हणायचे. तो मला 'बाय' म्हणायचा, अगदी घरच्यासारखं.

आमचं बिनसलं ते एका वाक्यावरून. लागोपाठ तीन ईदांना त्यानं माझीच ड्यूटी लावली, तेव्हा मी सगळ्यांदेखत विचारलं, "भाईजान, ही ड्यूटीची यादी आहे की तुमच्या नावडतींची?" केरळच्या नर्सेसना मराठी कळेना म्हणून तेच हिंदीत सांगितलं, मग फिलिपिनो पोरींसाठी इंग्रजीत. सगळ्या खो खो हसल्या. तोही हसला. हसताना त्याचे कान लाल झाले होते. ते मी पाहिलं आणि मला छान वाटलं. तिथं गप्प बसले असते तर पुढचं काही झालं नसतं असं माझा नवरा दम्मामहून फोनवर दहा वेळा म्हणाला. त्यालाही मी तेव्हा चार सुनावल्या.

दोन महिन्यांनी अब्बांना अर्धांगाचा झटका आला. त्याच दिवशी मी अर्ज दिला, वर हिरव्या ओढणीतला फोटो स्टेपल करून. "कागद वर गेलाय, बाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वर गेलाय, सही राहिलीय. चौथ्या दिवशी डायरेक्टर रियाधला गेले होते. थेट डायरेक्टरला भेटायचं तर त्याच्याच हातची चिठ्ठी लागायची, आणि ती मागितली की तो म्हणायचा, "बुकरा, बाय, बुकरा." उद्या. सातव्या दिवशी तो म्हणाला, मीही अब्बांसाठी दुआ करतोय. अकराव्या दिवशी अब्बा गेले.

दफन मी लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून फोनवर पाहिलं. भावानं फोन धरला होता, पण गर्दीत त्याला इतके धक्के बसत होते की मला बहुतेक आभाळ आणि माणसांच्या पाठीच दिसल्या. शेवटी ओली माती दिसली. तेवढ्यात सहा नंबरच्या पेशंटनं बेल दाबली. मी तोंड धुतलं आणि त्याची सलाईन बदलायला गेले.

त्या गठ्ठ्यावरून उठताना बघितलं तर दाराला पाठ लावून एक बाई उभी होती. आमच्या वॉर्डची सफाई करणारी. उंच, वाळकी, पन्नाशीची, कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे. मी रडत असताना कोणी आत येऊ नये म्हणून ती दार अडवून उभी राहिली होती. मी बाहेर पडल्यावर ती आपली ट्रॉली ढकलत निघून गेली.

आठवड्यानं तिनं मला त्याच लिनन रूममध्ये गाठलं. आमची भाषा म्हणजे खिचडी: तिची अरबी, माझी चार वर्षांची वॉर्डातली अरबी, आणि बांगलादेशी सफाईवाल्यांकडून ती शिकलेली हिंदी. ती म्हणाली, "तुझा कागद वर गेलाच नाही. त्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, खजुराच्या डब्याखाली. हिरवी ओढणी, तूच ना?"

मी म्हटलं, तुला काय माहीत?

"रोज दुपारी जुहरच्या नमाजानंतर त्याचं ऑफिस मी पुसते. सफाईवालीसमोर कोणी ड्रॉवर बंद करत नाही."

"आणि तो रजेचाच कागद आहे हे कशावरून? तुला इंग्रजी वाचता येतं?"

"खंदकात शिकले," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला! अकरा दिवस माझ्या तोंडावर दुआ करत होता आणि कागद खजुराखाली. मी तशीच उठले, त्याच्या ऑफिसात जाऊन तो डबा त्याच्या टाळक्यात घालायचा म्हणून. तिनं माझा दंड धरला. पकड अशी की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं. म्हणाली, "बस. रागात गेलेला माणूस परत येत नाही. मी पाहिलेत."

अशी ती मला कळायला लागली. रोज दुपारी असरच्या नमाजाआधी अर्धा तास वॉर्ड थंड असतो. तेव्हा आम्ही लिनन रूममध्ये बसायचो. ती थर्मासमधून कॉफीच्या सालींचा आल्याचा काढा आणायची, इकडच्या लोकांसारखा. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. तिचं गाव त्या समुद्राच्या पलीकडच्या काठाला, इरिट्रियात. मी विचारत जायची आणि ती तुकड्यातुकड्यानं सांगायची. त्यातलं बरंचसं मी आधी माझ्या मतलबासाठी ऐकलं, हे कबूल करते. मला त्या माणसाचा काटा काढायचा होता आणि ही बाई लढाई करून आलेली होती.

चौदा वर्षांची असताना ती डोंगरावर बकऱ्या चारत होती. सैनिक आले. तिचा देश तेव्हा तिचा नव्हता, स्वातंत्र्यासाठी लढाई चालू होती, आणि लढणाऱ्यांना गावातून दूध-मटण मिळतं म्हणून सैनिकांनी आधी तिच्या बकऱ्या मारल्या. एकेक करून, नेम धरून, हसत. मग गावात उतरून विहिरीपाशी तिच्या बापाला मारलं. ती खडकाआड पालथी पडून बघत होती. त्यांच्या अधिकाऱ्याच्या गळ्यात शिट्टी होती. शिट्टी वाजली की गोळी सुटायची. त्याचं तोंड तिनं नीट पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी लढणाऱ्यांची तुकडी तिकडून गेली तेव्हा ती त्यांच्यामागून चालायला लागली. ते म्हणाले, लहान आहेस, परत जा. तीन दिवस ती मागे मागे चालत राहिली. शेवटी कंटाळून त्यांनी तिला भाकरी दिली.

पहिल्याच दिवशी तिची वेणी कापली, उवा होतात म्हणून. वेणीसाठी ती बापापेक्षा जास्त रडली, असं तिनं मला सांगितलं, आणि ते सांगताना अजूनही तिला लाज वाटत होती. मग प्लास्टिकच्या चपला दिल्या. सगळ्यांना त्याच. तुटल्या की सुरी तापवून प्लास्टिक वितळवायचं आणि तुटका पट्टा चिकटवायचा. तिच्या बोटांवर त्या सुरीचे डाग होते. बंदूक आठ महिने हातात दिली नाही. तोवर जखमी माणसं वाहायची, एका डोलीला चौघं, डोंगर चढून. दिवसा विमानं यायची म्हणून काटेरी झाडाखाली हलायचं नाही. धूर दिसू नये म्हणून उजाडायच्या आत चूल विझवायची. डोंगर पोखरून आत शाळा होती. काडतुसांच्या पेटीचं झाकण हा फळा. तिथं ती तीन लिप्या शिकली.

मी नर्स, मला भलतेच प्रश्न पडायचे. विचारलं, "आणि पाळीचं काय करायचा गं?"

ती इतकी हसली की काढा सांडला. म्हणाली, "इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. सगळे बंदुकीचंच विचारतात." फाटक्या वर्दीचे तुकडे वापरायचे. धुवायला पाणी नसायचं, म्हणून उन्हात तापवायचे. आणि उपासमारीत पाळी यायचीच नाही, तेवढीच सोय. तिच्याबरोबरची एक मुलगी रोज झोपताना आईला शिव्या द्यायची, मला मुलगा का नाही केलंस म्हणून, आणि सकाळी सगळ्यांच्या पुढे चालायची. ती मुलगी एका पुलाजवळच्या चकमकीत मेली. तिच्या चपला हिनं घातल्या, कारण हिच्या पार गेल्या होत्या. एवढं सांगून ती उठायची आणि बादली उचलायची. अर्धा तास झालेला असायचा.

शिट्टीवाल्याचं काय झालं, हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. ती म्हणाली, सहा वर्षांनी सापडला. एका टेकडीवरच्या लढाईनंतर शंभरेक कैदी पकडले, त्यात तो बसला होता, शिट्टी नव्हती पण तोंड तेच. पहारा हिचा. आणि हुकूम असा की कैद्याच्या अंगाला हात लावायचा नाही, आपल्याला मिळतं तेवढंच पाणी त्याला द्यायचं.

"मग?" माझा जीव कानात आला होता.

"दिलं पाणी. आधी त्यात थुंकले, मग दिलं."

"शाब्बास!" मी म्हटलं.

"तो सगळं प्याला. वर म्हणाला, देव तुझं भलं करो, मुली." ती थोडा वेळ हातमोज्याची बोटं ओढत बसली. "मला अजून त्याचा राग येतो. मारलं असतं तर संपलं असतं. तो मेला कुठेतरी म्हातारा होऊन जगत असेल."

अशी बाई मला आवडणार नाही तर काय! मी तिला सांगितलं, आमच्याकडेही असं लढायचे. समोरासमोर ताकद पुरत नाही तेव्हा डोंगरात दडायचं, शत्रू बेसावध असताना घाव घालायचा आणि पसार व्हायचं. चौथीच्या इतिहासात आम्हाला होतं. मराठीत त्याला 'गनिमी कावा' म्हणतात.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गनमी गहवा?"

अरबीत गनम म्हणजे शेळ्या-मेंढ्या आणि गहवा म्हणजे कॉफी. तिला ऐकू आलं 'बकऱ्यांची कॉफी'. तिचा एक कान तोफेच्या आवाजानं गेलेला होता, त्यामुळे मी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तिनं तेच ऐकलं. "तुमचे लोक बकऱ्यांना कॉफी पाजून लढाई जिंकायचे?" मग तिला खरा अर्थ कळला, आणि आम्ही दोघी चादरींवर आडव्या होऊन हसलो. अब्बा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पुढे आमचा शब्दच तो झाला. कॉरिडॉरमध्ये ती ट्रॉली घेऊन शेजारून जाताना पुटपुटायची, "आज कॉफी?" आणि मी म्हणायची, "आज दोन कप." म्हणजे आज दोन फोटो काढ.

कारण आमचं काम सुरू झालं होतं. माझा जुना फोन मी तिला दिला. रोज ऑफिस पुसताना ती ड्रॉवरमधल्या कागदांचे फोटो काढायची आणि मला पाठवायची. माझ्या एकटीचा अर्ज नव्हता तिथं. एका केरळच्या मुलीचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज होता, एका फिलिपिनो बाईचा मुलाच्या ऑपरेशनसाठीचा. जी जी त्याला उलट बोलली होती तिचा तिचा कागद खजुराच्या डब्याखाली. चार महिन्यांत एकोणीस अर्ज जमले. तो किती वाजता जेवतो, नमाजला कुठल्या मशिदीत जातो, किल्ली कुठे ठेवतो, कोणत्या वारी लवकर पळतो, सगळं तिला पाठ. मी दात-ओठ खात फोटो बघायची आणि मनात त्याची बॅग भरायची. मला तो इथून जायला हवा होता. नुसती बदली नको, फायनल एक्झिट, देशातून कायमची रवानगी. आमच्या खाडीवर मान खाली घालून परत गेलेला मला तो बघायचा होता.

ती मात्र घाई करू देईना. तिचा एकच हट्ट: आत शिरण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवायची, आणि ती आपल्यासाठी नाही, मागे राहणाऱ्यासाठी. तिची कंपनी दर सहा महिन्यांनी सफाईवाल्यांना दुसऱ्या इमारतीत हलवायची. तिची बदली तीन आठवड्यांवर आली होती. ती गेली की ऑफिसची किल्ली दुसरीकडे जाणार, मग फोटो कोणी काढले ते कोणाला कळणार नाही. मग मी ते पाकिटात घालून निनावी डायरेक्टरकडे टाकायचे, असं ठरलं.

तिच्या मागे काय होतं ते मला माहीत होतं. म्हणून तर हे सांगताना माझी जीभ जड होते. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी ती रस्त्यात चप्पल तुटेपर्यंत नाचली होती. पण पुढे तिला वर्दी उतरवू देईनात. आज सोडतो, उद्या सोडतो, अशी वर्षामागून वर्षं गेली. एक दिवस परवानगी न घेता ती सरहद्द ओलांडून निघाली, आणि फिरत फिरत इथं आली. परत गेली असती तर पळालेली सैनिक म्हणून धरली असती. जिझानमधली ती बादली आणि तो इकामा, इथं राहायचा परवाना, एवढीच तिची जागा होती जगात. हे तिनं मला एकदाच सांगितलं आणि मी "हो गं, कळतंय" म्हटलं.

तीन आठवड्यांतले नऊ दिवस मी कळ काढली.

दहाव्या दिवशी सकाळी सगळ्या नर्सेसना मीटिंग हॉलमध्ये बोलावलं. महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचा सत्कार होता. डायरेक्टर आले होते, केक होता. भाईजान उभा राहिला आणि इंग्रजीत सांगायला लागला की आपल्यात अशी एक नर्स आहे, जिचे वडील वारले, पण तिनं एक दिवस रजा घेतली नाही. पेशंट आधी, दुःख नंतर. याला म्हणतात निष्ठा. मग त्यानं माझं नाव घेतलं.

मी कशी उठून पुढे गेले ते मला आठवत नाही. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. त्यानं माझ्या हातात प्लास्टिकमध्ये बसवलेलं सर्टिफिकेट दिलं. त्यावर माझा फोटो होता, हिरव्या ओढणीतला. वरच्या कोपऱ्यात स्टेपलची दोन भोकं. माझ्या अर्जावरचा फोटो काढून त्यानं तो या सर्टिफिकेटवर चिकटवला होता. "मुबारक, बाय," तो मराठीत हळूच म्हणाला, "अब्बांना अभिमान वाटला असता."

तोंडात माती पडो त्याच्या! माझ्या डोक्यात काही उरलं नाही. तीन आठवडे नाही, बाहेरची वाट नाही, ती नाही. मी खिशातून फोन काढला आणि फोटो उघडून थेट डायरेक्टरच्या हातात दिला. मोडक्या अरबीत ओरडले, "माझी रजा या माणसाच्या ड्रॉवरमध्ये आहे! एकोणीस जणींची आहे! बघा!" आणि त्याच्याकडे वळून मराठीत आमच्या खाडीवरच्या बायका भांडताना जे जे म्हणतात ते सगळं म्हटलं. त्याचे कान लाल झाले नाहीत. पांढरे पडले. खरं सांगते, इतकं बरं मला माझ्या लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

डायरेक्टर शांत माणूस. एकेक फोटो बोटानं सरकवत, मोठा करत त्यांनी सगळे पाहिले. मग त्यांनी विचारलं, "हे कोणी काढले?"

मी हातातलं सर्टिफिकेट उलटं धरलं.

ते म्हणाले, या कागदांवर लोकांचे पासपोर्ट नंबर आहेत. कोऑर्डिनेटरनं काय केलं त्याची चौकशी होईल, नक्की होईल. पण बंद ऑफिसात शिरून फोटो काढणं हा वेगळा गुन्हा आहे. ज्यानं फोटो काढले त्याला इथं ठेवता येणार नाही. "तू काढलेस?"

ती दाराशी उभी होती, ट्रॉलीवर कागदी ताटल्या घेऊन. केक वाटायला तिला बोलावलं होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. पण ती आहे हे मला माहीत होतं. 'हो, मीच' एवढं म्हणायचं होतं. फोन माझा, काम माझं, वैर माझं. माझं लायसन गेलं असतं, मी दम्मामला नवऱ्याकडे किंवा घरी परत गेले असते. मला जायला घर होतं. काय वाटलं तेव्हा ते सांगते: भीती वाटली. बस, एवढंच.

"मा अदरी," मी म्हटलं. मला माहीत नाही.

भाईजान खाली वाकून फोनच्या पडद्याकडे बघत होता. एका फोटोच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी आलं होतं, रबरी हातमोज्याचा अंगठा. त्याच्या ओठांवर हसू यायला लागलं. त्यानं तोंड उघडण्याआधी दारातून आवाज आला.

"अना." मी.

डायरेक्टरनी विचारलं, कोणी सांगितलं तुला? ती म्हणाली, कोणी नाही, मला वाचायला येतं. तिनं ट्रॉलीवरच्या ताटल्या टेबलावर ठेवल्या, हातमोजे काढून त्यांच्या शेजारी ठेवले आणि सिक्युरिटीच्या माणसाबरोबर चालत गेली.

चौकशीत ड्रॉवर उघडला. एकोणीसचे एकोणीस कागद सापडले. दोन आठवड्यांत भाईजानला फायनल एक्झिट मिळाली. तो गेला त्या दिवशी मी मुद्दाम ड्यूटी बदलून घेतली आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभी राहिले. दोन बॅगा ओढत तो गेटपर्यंत गेला. एकीचं चाक तुटलं होतं. कोणी हात लावायला पुढे आलं नाही. मी शेवटपर्यंत बघितलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. माझ्या अब्बांची माती मला परत मिळणार नव्हती. पण तो गेला. गावाहून भावानं सांगितलं की आता तो कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, नको बोलू दे.

तिची गाडी त्यानंतर दोन दिवसांनी होती. तिच्या कंपनीनं तिकीट तिच्या देशाचं काढलं होतं. मी तिच्या सुपरवायझरला फोन केले, तिच्या देशाच्या बायकांना विचारलं, एका वकिलाचा नंबर मिळवला. सगळीकडून एकच उत्तर, तिच्या फायनल एक्झिटचा कागद झालाय, खलास. दुपारी असरच्या वेळेला मी त्यांच्या राहण्याच्या इमारतीपाशी गेले. फाटकाबाहेर कंपनीची बस उभी होती. ती एका छोट्या बॅगेवर वाकून पट्टा आवळत होती. अंगावर काळा अबाया, पायात सफाईच्या कामाचे बूट. विमान मध्ये एका ठिकाणी थांबतं, तिथं उतरून बघेन, ती म्हणाली. काय बघणार, ते तिनं सांगितलं नाही. मी एक शाल आणली होती, ती तिनं घेतली.

मला रडू फुटलं आणि रडता रडता संतापही आला, मला तो तसाच येतो. मी म्हटलं, "तुझी कंपनी, तो सुपरवायझर, ज्यानं ज्यानं तुझ्यावर ही पाळी आणली, त्यातल्या एकालाही मी सोडणार नाही. बघशील तू. एकेकाला बघून घेते."

पट्टा घट्ट बसल्यावर तिनं मान वर केली.

"अना," ती म्हणाली.

मला वाटलं ती स्वतःबद्दल काहीतरी सांगतेय. मी पुढचं ऐकायला थांबले.

"अना," ती पुन्हा म्हणाली, हळू, खंदकातल्या शाळेत शिकवतात तसं दोन्ही अक्षरं सुटी करून. "केवढासा शब्द आहे. तुला तो म्हणायला काय जड गेलं?"

ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला, करत होता. ती बॅग उचलून बसमध्ये चढली. माझ्या बाजूच्या सगळ्या खिडक्या रिकाम्या होत्या. ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.